रांगोळीच्या भिंतींचे मोटरहोम

राहते घर भाड्याने देऊन यापुढे कायमचे मोटरहोममध्ये राहायचे, हा निर्णय आमच्याकडे एका कप चहात झाला. भांडण झाले ते पलंगावरून.

लेक शिकायला दुसऱ्या शहरात, पामर्स्टन नॉर्थला गेली आणि आमच्या टाकानिनीच्या घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त झाल्या. शिरीषचे (म्हणजे माझ्या नवऱ्याचे) काम लॅपटॉपवर चालते, माझे कवितांवर. दोन्ही कुठेही उघडून बसता येते. प्रश्न होता तो फक्त गाडीच्या आतल्या नकाशाचा. विक्रेत्याने दोन नकाशे हातात ठेवले. दोन्हींत आम्हा दोघांना पुढे, छतातून खाली उतरणारा पलंग होता. फरक मागच्या टोकाला. पहिल्यात तिथे तीन बाजूंना बैठक आणि तीन बाजूंना खिडक्या. झोपायच्या वेळी बैठकीच्या गाद्या जोडून पलंग करायचा. दुसऱ्यात तिथे कायमचा पलंग, आणि बसायला पुढे दाराजवळ एक आखूड बाक.

मला पहिला हवा होता. सकाळी तिन्ही बाजूंनी समुद्र आत यावा, आल्याच्या चहात खाऱ्या वाऱ्याचा वास मिसळावा, ओल्या वाळूचा रंग हळूहळू कोरडा होताना दिसावा आणि कविता आपण होऊन कागदावर उतरावी!

"आणि रोज गाद्यांचं कोडं कोण जुळवणार?" शिरीषने विचारले. (तो इंजिनियर आहे. त्याला खिडकीतून समुद्र दिसत नाही, खिडकीची बिजागरी दिसते.)

मते एकास एक पडली. तिसरे मत आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. त्या वर्षातले सहा महिने पुण्याहून आमच्याकडे येतात आणि गाडीचा मागचा भाग त्यांच्याच झोपण्याचा. माझी खिडकी आता आईंच्या हातात होती.

"कागदावर मला काही कळत नाही बाई," आई म्हणाल्या. "प्रत्यक्ष दाखव."

मग मी ड्राइव्हवेवर माझा नकाशा खऱ्या मापाने रांगोळीत काढला. खडूची रेघ माणूस बेलाशक तुडवतो. रांगोळीवर पाय द्यायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. त्यामुळे माझ्या भिंती खऱ्या भिंतींइतक्याच भक्कम होत्या! स्वयंपाकाचा ओटा, सिंक, दार, मागची बैठक, सगळे पांढरेशुभ्र उमटले. बैठकीच्या जागी मी दिवाणखान्यातल्या गाद्या आणून जोडल्या. आई दारातून रीतसर आत आल्या.

"किती हवेशीर आहे गं!" त्या म्हणाल्या. (छत नव्हते, हे मी निदर्शनास आणले नाही.)

"झोपून बघा ना, आई."

आई झोपल्या. कोवळे ऊन होते, कापलेल्या गवताचा वास होता, कुठेतरी एक तुई पक्षी गळ्यात घंटी अडकल्यासारखा गात होता. आईंचा डोळा लागला. मी जिंकले होते!

तेवढ्यात शिरीष मापाची टेप घेऊन आला. "मृणाल, ही बैठक तू मापापेक्षा लांब काढली आहेस."

"अजिबात नाही!"

"मग मोजतो." तो भिंतीबाहेरून वाकून झोपलेल्या आईंच्या उशापासून पायापर्यंत टेप धरू लागला. मी घाईने, चिमटीत रांगोळी घेऊन, आईंच्या कडेची रेघ दुरुस्त करू लागले.

नेमक्या याच क्षणी शेजारच्या ग्रॅहमने कुंपणावरून डोकावून पाहिले. त्याला काय दिसले? एक वृद्धा निश्चल पडलेली. मुलगा तिचे माप घेतो आहे. सून तिच्याभोवती पांढरी रेघ ओढते आहे.

ग्रॅहम सभ्य माणूस आहे. त्याने आम्हाला काहीही न विचारता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

"किया ओरा, आय एम टीना," असा इथल्या पद्धतीचा नमस्कार करत हिरव्या गणवेशातली एक हसरी मुलगी आली आणि थेट भिंतीतून आत शिरली.

आई दचकून उठून बसल्या. "नो, नो! नॉट फ्रॉम वॉल! डोअर! डोअर!"

टीना थबकली. "विच वॉल, लव्ह?"

"धिस वॉल!"

टीनाचा आवाज एकदम मऊ झाला. "डू यू नो व्हेअर यू आर?"

"लाउंज," आई ठामपणे म्हणाल्या.

"अँड हू इज दॅट लेडी?"

"डॉटर-इन-लॉ. शी इज स्टँडिंग इन सिंक."

मी खाली पाहिले. मी खरोखरच सिंकमध्ये उभी होते.

"अँड द जेंटलमन?"

"माय सन," आई हातभर अंतरावरच्या शिरीषकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ही इज आउटसाइड. नॉट कम होम यट."

शिरीष मदतीला धावला. "अ‍ॅक्चुअली, धिस इज अ मोटरहोम," त्याने काँक्रीटकडे हात करून सांगितले. टीनाने त्याच्याकडेही त्याच मऊ नजरेने पाहिले.

रक्तदाब तपासायला तिने आईंना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नेले. मी मागोमाग चढले. मी फोनवर मोटरहोमचा फोटो दाखवून टीनाचा गैरसमज मिटवेपर्यंत आई स्ट्रेचरवर निवांत पडून सगळीकडे पाहत होत्या. रक्तदाब उत्तम निघाला. मग आई बोलल्या.

"मृणाल, हे बघ! काही उचलायचं नाही, काही जोडायचं नाही. हात लांब केला की सगळं हाताशी. आणि पायांकडे दार उघडं, त्यातून अख्खा रस्ता दिसतो. पलंग कसा, कायमचा पाहिजे!"

"पण आई, तिन्ही बाजूंच्या खिडक्या..."

"अगं, डोळे मिटल्यावर किती बाजूंना बघायचंय मला?"

 खाली उभ्या असलेल्या शिरीषने टेप सर्रकन गुंडाळली.

आता आम्ही दुसऱ्या नकाशात राहतो. आईंना पलंग इतका मानवला की त्यांनी परतीचे तिकीट पुढे ढकलले आहे. त्या पाय पसरून दिवसभर समुद्र पाहतात. पुढच्या बाकावर शिरीषच्या मीटिंगा चालतात. उरलेले एकमेव रिकामे आसन संडासात आहे. झाकण टाकून त्यावर बसावे, वरची लहानशी खिडकी ढकलावी, की एक निळी पट्टी दिसते आणि खारा वारा चेहऱ्यावर येतो. मी वही मांडीवर घेते. पहिली ओळ सुचते, दुसरी सुचते, आणि दारावर आईंची टकटक होते.

"मृणाल, झाली का गं कविता? मला जायचंय!"

माझ्या कविता हल्ली फार आटोपशीर झाल्या आहेत, असे लोक म्हणतात.