बाईंचे खून आणि माझा चहा

खून करणाऱ्या बाईकडे नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत. किचनच्या ड्रॉवरमध्ये कॅरिअर बॅगा साठतात तसे साठतात, एक ओढावा तर दहा बाहेर! खून अर्थात कागदावरचे. मिसेस व्हिटकम रहस्यकथा लिहायच्या. लंडनच्या पिनर उपनगरात आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे घर. त्यांचं ते मुंग्यांसारखं अक्षर टाइप करायला कुणीतरी हवं होतं, म्हणून न्यूजएजंटच्या, म्हणजे पेपरवाल्याच्या दुकानाच्या काचेवर कार्ड लावलेलं. पुण्यात मी टायपिंगची परीक्षा दिली होती. गेले.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का?"

"माझे मिस्टर डॉक्टर आहेत," मी म्हटलं.

बाईंचे डोळे असे चमकले, की तेव्हाच पळायला हवं होतं.

पहिलं पान घेतलं. सवयीने वर पेनने 'श्री' लिहिलं आणि खाली काय टाइप करतेय, तर चर्चच्या पाद्र्याचा गळा चिरलेला! श्रीच्या खाली प्रेत! पुढे लक्षात आलं तेव्हा जीभ चावली, पण तोवर पानं प्रकाशकाकडे गेलेली. ते पुस्तक दणकून खपलं. त्यानंतर बाईंनी एकही हस्तलिखित श्रीशिवाय पोस्टात टाकू दिलं नाही. "तुझं ते वरचं नक्षीकाम झालं का?" हा पहिला प्रश्न.

* * *

एका मंगळवारी गेले तर दार उघडं. जिन्याच्या पायथ्याशी बाई पडलेल्या! मान वाकडी, एक सपात तिसऱ्या पायरीवर. माझ्या हातातली पिशवी गळाली. आवाजच फुटेना. मग जी किंचाळले!

तोच प्रेताने मनगट वर केलं.

"अकरा सेकंद," प्रेत घड्याळ बघत म्हणालं. "मला वाटायचं माणूस लगेच ओरडतो. थँक यू, मिसेस केळकर. आता चहा कर, दोघींना."

काय बाई तरी! मी चहा केला आणि आपल्या सवयीने वेलदोडा टाकला. बाईंनी कपाचा वास घेतला. "याच्यात काहीही लपेल," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कौतुक करतायत.

* * *

दिवाळीला बाईंना फराळाला बोलावलं. बाकी सगळे आपलेच, हॉस्पिटलातले डॉक्टर. एरवी इंग्रज माणूस समोर आला की या सगळ्यांची गाडी हवामानाच्या पुढे सरकायची नाही. बाईंनी चकली मोडत सहज विचारलं, "धडधाकट माणसाला कुणाला कळू न देता मारायचं झालं तर?"

बास! चार डॉक्टर एकदम सुरू झाले. माझी मैत्रीण सुधा भूल देणारी डॉक्टर, एरवी मुंगी मारायची नाही. तीसुद्धा इंग्रजीतून तावातावाने सांगतेय, "छे छे, इंजेक्शन कशाला? लोणच्यात घाला, पत्ता लागणार नाही!"

नेमकी तेव्हाच शेजारची जीन मागच्या दारात, आमची रिकामी डिश परत करायला उभी. कित्येक वर्षं ती माझं लिंबाचं लोणचं मागून न्यायची. त्या दिवसापासून तिला ते सोसेनासं झालं.

* * *

दहावं प्रकरण टाइप झालं की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोण?" मी म्हणायची, माळी. निघायचा भलताच! दर पुस्तकाला मी चुकायची आणि गावभर सांगत फिरायची, काय डोकं आहे हो बाईंचं!

एकदा केराच्या टोपलीत शेवटच्या प्रकरणाचा जुना खर्डा सापडला. त्यात खुनी माळीच! मी त्याचं नाव घेतलं म्हणून बाईंनी त्याला सोडून दिलं आणि बिचाऱ्या नर्सला अडकवलं. मी थक्क!

"ही चक्क चीटिंग आहे!" मी म्हटलं.

"हा धंदा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "जे तुला कळलं, ते सगळ्या इंग्लंडला कळेल."

हा अपमान होता की कौतुक, माझं अजून ठरत नाही.

* * *

मग यांनी हॉस्पिटल सोडलं आणि एका रिटायर झालेल्या इंग्रज डॉक्टरची प्रॅक्टिस घेतली. सगळं घर आता त्या प्रॅक्टिसवर उभं. पेशंट दाराशी यायचे, पाटीवरचं केळकर वाचायचे आणि "पुन्हा येतो" म्हणून जायचे. सकाळी मी रिसेप्शनवर, दुपारी बाईंकडे. वेटिंग रूममध्ये ज्या चार म्हाताऱ्या टिकल्या होत्या, त्या चौघींच्या हातात बाईंचंच पुस्तक!

आणि एका दुपारी टाइप करता करता माझी बोटं थांबली. गोष्टीतल्या गावात नवा डॉक्टर आलेला. इंडियन. मिशी, तपकिरी कार्डिगन, शिंकायच्या आधी "एक्सक्यूज मी" म्हणणारा, हुबेहूब आमचे हे. नाव डॉक्टर राव. आणि गावात माणसं विषाने पटापट मरतायत!

अगं आई गं! हा खुनी निघाला तर आमच्या यांच्या हातचं औषध घेईल कोण?

"वेडी आहेस का?" सुधा म्हणाली. "तू ज्याच्यावर बोट ठेवतेस तो सुटतो ना? मग राववरच ठेव की!"

दहावं प्रकरण संपलं. चष्म्यावरून, "कोण?"

"डॉक्टर राव!" मी टेबलावर हात आपटला. "शंभर टक्के!"

मंडळींनाही पढवून ठेवलं. गणपतीला बाई घरी आल्या आणि आरती संपल्या संपल्या सगळे एका सुरात, "डॉक्टर राव!" फक्त आमचे हे चिडले. "तो गरीब माणूस आहे हो," बाईंना सांगायला लागले, "त्याला उगाच कशाला..." मी त्यांच्या तोंडात मोदक कोंबला.

मग सगळ्यांना चहा दिला. बाईंनी कपाचा वास घेतला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

* * *

शेवटचं प्रकरण मला मिळालंच नाही. "हे मी स्वतः करते," बाई म्हणाल्या. आठवडाभर दोन बोटांनी ठक ठक. कोऱ्या कागदावर श्री तेवढं माझ्याकडून लिहून घेतलं.

पुस्तक आलं. उभ्या उभ्या मी शेवट उघडला. डॉक्टर राव निर्दोष! देवापुढे साखर ठेवली. मग पुढचा परिच्छेद वाचला आणि मटकन खालीच बसले.

खुनी कोण, तर डॉक्टरची बायको! रिसेप्शनवर बसणारी, गोड हसणारी. वेलदोड्याच्या चहातून! अख्ख्या पुस्तकात ती बया दर प्रकरणात चहाच तर करत होती. माझ्याच बोटांनी टाइप केलं होतं, आणि मला एकदाही शंका आली नाही.

सोमवारी वेटिंग रूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. गेलेले पेशंट परत आले, येताना मैत्रिणींना घेऊन आले. यांच्यासाठी ॲपल पाय, केक, डबाभर सूप. एक आजी यांचा हात हातात धरून विचारत होती, "यू पुअर मॅन, घरी नीट जेवता ना?"

मी सगळ्यांना चहा विचारला. एकानेही घेतला नाही.

संध्याकाळी घरी आलो. आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. मी नेहमीसारखा चहा केला, यांच्यापुढे ठेवला. यांनी कप उचलला, वास घेतला आणि परत बशीत ठेवला.

"अहो, काय झालं?"

यांनी बशी हळूच माझ्याकडे सरकवली.

"आधी तू घे."