शंकरअण्णावर ओरडायचं कोणी?

आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीमवर तिसरा गोल बसून मॅच संपली तसे मॅनेजरसाहेब खुर्चीवरून उठले आणि थेट माझ्याकडे आले.

"कोच, माणूस मी आणून दिला. आता गोल का बसतात?"

माणूस म्हणजे शंकरअण्णा. गोकुळ रोडवरच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या खात्याचा, म्हणजे प्रेस शॉपचा, सुपरवायझर म्हणून नुकताच आलेला. आधी मोठ्या क्लबात स्टॉपर खेळलेला. स्टॉपर म्हणजे गोलच्या पुढे मधोमध उभा राहणारा बचावाचा मुख्य माणूस. हेडर, टॅकल, सगळं एक नंबर. तसा डिफेंडर मी हुबळी-धारवाडात दुसरा बघितला नाही. चांगला खेळाडू घेतला की कोचला काम उरत नाही, असं साहेबांचं ठाम मत. वाद घालायची माझी छाती नव्हती.

"शेवटची मॅच हरलात तर लीगमधून खाली जाणार. मग टीम बंद. खेळाडू म्हणून घेतलेल्या त्या गोलकीपरचं कॉन्ट्रॅक्टपण बंद," साहेब म्हणाले. "ड्रॉ केलात तरी चालेल."

गोलकीपर मंजुनाथ माझ्या मागेच उभा होता. केलगेरीचा पोरगा, घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललेलं.

मॅचचं शूटिंग मी मोबाइलवर परत परत बघितलं. तिन्ही गोल एकाच जागेतून. चेंडू दिसला की शंकरअण्णा पुढे धावायचा आणि त्याच्या मागे भलंमोठं भगदाड पडायचं. खरं तर बचावातल्या चौघांनी एका ओळीत राहायचं, पुढे-मागे मिळून सरकायचं. ओळ मोडली हे पाठीमागून फक्त गोलकीपरला दिसतं. म्हणून ओरडून सांगायचं काम त्याचं. मंजुनाथ बाकी तिघांवर घसा फोडून ओरडायचा. शंकरअण्णाच्या वेळी गप्प.

"का रे बाबा?" मी विचारलं.

"आगंगिल्ल री सर, मला नाही जमणार. दिवसभर ज्यांच्या हाताखाली मान खाली घालून काम करतो, त्यांच्यावर संध्याकाळी ओरडू? अख्खा प्रेस शॉप बघायला येतो. आणि माझा पर्मनंटचा रिपोर्ट तेच लिहिणार."

न ओरडता टीम बुडाली तर नोकरी जाणार, आणि ओरडून सुपरवायझर बिथरला तरी जाणार. आमच्याकडे एकदा कुणाला अण्णा म्हटलं की त्याच्यापुढे आवाज चढत नाही. हे कुठल्या कोचिंग कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मी शंकरअण्णाला गाठलं. तो म्हणाला, "चेंडूवर मी जायचं नाही तर कोण जाणार, सर?" संपला विषय.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला मी त्यालाच गोलमध्ये उभं केलं. मंजुनाथला स्टॉपर केलं आणि हळूच सांगितलं, चेंडू दिसला की धाव, अगदी अण्णांसारखा. पोरगं घाबरत घाबरत धावलं. मागून गोल बसला.

"ए मंज्या, जागा सोडू नको," शंकरअण्णा गरजला. परत गोल. परत आरडाओरडा. त्यानंतरच्या गोलला मात्र तो काहीच बोलला नाही. चेंडू काखेत धरून मंजुनाथकडे बघत राहिला.

"मी असाच जातो?"

मंजुनाथ जमिनीकडे बघत पुटपुटला, "हौदु री, अण्णा. असंच."

शंकरअण्णाने ग्लोव्हज काढून टाकले आणि तडक निघून गेला. माझ्या शहाणपणापायी गरिबाच्या पोराची नोकरी गेली, असंच वाटलं. मॅचपर्यंत मला धड झोप नाही.

मॅचच्या दिवशी प्रेस शॉप झाडून हजर. बराच वेळ गोल नाही. शेवटी शेवटी एक चेंडू मधे पडला आणि शंकरअण्णा सवयीने सुटला. त्याच्या मागे समोरच्या टीमचा फॉरवर्ड मोकळा. त्या गोंगाटात माझा आवाज कुठला पोचायला. मंजुनाथने एकदा माझ्याकडे बघितलं.

"अण्णा, मागे. मागे या, अण्णा."

आवाज पार चिरकला. प्रेक्षकांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण शंकरअण्णाने चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. वळला, मागे आला आणि गोलकडे निघालेला फटका छातीवर घेतला. शिट्टी झाली. शून्य-शून्य.

तो सरळ गोलकडे चालत गेला. मंजुनाथ दोन पावलं मागे सरकला.

"इतका वेळ काय झोपला होतास काय रे? आधी ओरडायला काय झालं होतं?" एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला.

साहेब खुशीत होते. "बघा कोच, मी म्हटलं नव्हतं? चांगला खेळाडू असला की झालं." मी म्हटलं, हो साहेब.

शंकरअण्णाने रिपोर्ट चांगला लिहिला, मंजुनाथ पर्मनंट झाला. पुढच्या सीझनला साहेबांनी आणखी एक स्टॉपर आणला आणि कोचची जागा कमी केली. मी आता नवनगरला घरी असतो. कुणी टीम बांधायचा सल्ला मागितला तर एवढंच सांगतो: चांगला डिफेंडर जरूर आणा. पण त्याला "मागे या" म्हणणारं कुणी आहे का, आणि म्हटल्यावर म्हणणाऱ्याची नोकरी राहते का, हे आधी बघून घ्या.