मेणाचा चेहरा

भिंती कसल्या, पुठ्ठेच ते. आमच्या गल्लीत एका घरात कुणी शिंकलं की शेजारच्या घरातून ‘देव भलं करो’ यायचं. त्यामुळे रॅम्सगिल नवरा-बायकोचं ते भांडण आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

“एवढं चांगलं पुस्तक, पार मातेरं केलं मेल्यांनी!” हिल्डा तणतणत होती. “पुस्तकात तो मेलेला मुलगा एकदासुद्धा दिसत नाही. घरमालकीण रोज एक ताटली जास्तीची मांडते, बस्स. वाचून मला परसातल्या संडासात जायची भीती वाटायची. आणि सिनेमात? मेणाचं थोबाड! हसून हसून माझं आइस्क्रीम सांडलं.”

“भुताच्या पुस्तकावर याहून चांगला सिनेमा झाला नाही नि व्हायचा नाही,” विल्फ म्हणाला. “अगं बये, आपण मधूनच शिरलो. आधीचं आधी, नंतरचं नंतर, डोक्यात नीट लावून घे की.”

“दिवसभर लोकांच्या चादरींच्या घड्या घालते. आता सिनेमाच्याही घालू?”

तेव्हा आमच्याकडे सिनेमा दुपारपासून अखंड चालायचा. केव्हाही आत जावं, शेवट बघावा, मग बातम्या, मग सुरुवात. आपण शिरलो होतो तो प्रसंग आला की उठावं आणि बस गाठावी. हिल्डा लॉन्ड्रीतून सुटून पोचेपर्यंत भूत पडद्यावर हजर असायचंच. पुस्तकं तिनं पहिल्या पानापासून वाचली आणि सिनेमे जन्मभर मधून पाहिले. मग पुस्तकच सरस ठरणार, दुसरं काय! विल्फनं एकही पुस्तक उघडलं नाही, तरी हार कधी मानली नाही. मूलबाळ नव्हतं. बाकीची जोडपी पोरांवरून भांडायची, ही दोघं भुतांवरून. तेवढ्यावर त्यांचा संसार छान चालला.

म्हातारपणी विल्फला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्याला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. हिल्डाचं घर असं गप्प झालं की भिंतीअलीकडे आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. रोज दुपारी ती त्याचे इस्त्री केलेले कपडे घेऊन जायची. नव्या पुस्तकातलं भूत त्याला रंगवून सांगायची आणि मध्येच थांबायची, त्याच्या टोमण्यापुरती जागा ठेवून. टोमणा काही यायचा नाही.

अशात एका नोव्हेंबरात चर्चच्या हॉलमध्ये कुणीतरी तो जुना सिनेमा लावला. आता सिनेमे वेळेवर सुरू होतात, मधून शिरायची सोय उरलेली नाही. हिल्डा पहिल्यांदाच सुरुवातीला जाऊन बसली, ओठ मुडपून, चुका काढायच्या तयारीनं.

बराच वेळ पडद्यावर काही घडेचना. घरमालकिणीची पाठ. रिकामी खुर्ची. सूप वाढायचा डाव. हिल्डाच्या हातातला चहा तसाच निवत गेला. मग त्या बाईनं वळून खुर्चीकडे पाहिलं आणि तो चेहरा आला. तोच, मेणाचा. हिल्डा किंचाळली. विल्फचा दंड धरायला तिचा हात शेजारी गेला, तर तिथे कुणाचीतरी ओली छत्री.

बसमध्ये ती मान हलवत राहिली. इतकी वर्षं गडी खरं बोलत होता की! आणि आता हे कबूल करायचं तरी कुणापुढे? ज्याला ऐकून आनंद व्हावा, त्याला कळेल की नाही कोण जाणे.

तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. खुर्ची ओढून त्याच्या कानाशी बसली.

“विल्फ, सिनेमा पुस्तकापेक्षा चांगला आहे. ऐकलंस का रे? तू जिंकलास.”

विल्फ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर सीगल पक्षी कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते.

“एकदा तरी म्हण, ‘मी सांगत नव्हतो?’ म्हण की रे मेल्या. आज मी रागावणार नाही.”

ती वाट बघत बसली. नर्स चहा ठेवून गेली, रिकामा कप घेऊन गेली.

त्याच रात्री हिल्डा झोपेतच गेली. म्हणजे तिची ती शेवटची खेप. पण त्या दुपारी तिला काय ठाऊक! तिनं नेहमीसारखे धुतलेले बनियन कपाटात रचले, त्याच्या स्वेटरचं चुकीच्या काजात गेलेलं बटण काढून नीट लावलं, मळके कपडे पिशवीत कोंबले आणि “येते रे” म्हणून टेकडीखाली जाणाऱ्या बससाठी निघाली.