चहात बुडवलेलं पत्र

आमच्या परळच्या शाळेत पत्रवाल्या बाई वर्गात शिरल्या, की पहिला हुकूम सुटायचा, "वडा खाल्लेले मागे बसा!" मग स्वतःचे हात पदराला पुसून त्या कापडी फाइल उघडत. दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या कोकणातल्या शिपायांनी घरी धाडलेली पत्रं त्यात होती. तेलकट बोटांना ती मिळत नसत.

इतिहासाच्या पुस्तकाला बाई फारसा हात लावत नसत. म्हणायच्या, "लढायांच्या तारखा गाइडात मिळतील. हा माणूस गाइडात नाही."

एकदा परब त्याच्या चुलत आजोबांचं पत्र घेऊन आला. गाय व्याली का, कौलं शाकारली का, एवढंच त्यात. आम्ही फिदीफिदी हसलो. बाई कडाडल्या, "डोक्यावर विमानं घिरट्या घालतायत आणि हा घरच्या कौलांची चौकशी करतोय! कळतंय का रे गाढवांनो?"

मला कळलं ते इतकंच, की परबाचा भाव वधारला. माझे आजोबा गिरणीत साच्यांवर कापड विणायचे. घरात शिपाई आणायचा कुठून? मी एक कागद चहात बुडवला, वाळवला आणि आजोबांना आघाडीवर धाडलं. "फार भीती वाटते. झोपेत आईला हाका मारतो," असं त्यांच्या नावाने लिहिलंही. हे सांगताना आजही कान गरम होतात. ते वाचताना बाईंचा आवाज कापला. पत्र फाइलीत गेलं आणि निवृत्त होईपर्यंत बाई ते दरवर्षी नव्या आठवीला वाचून दाखवत राहिल्या.

गेल्या वर्षी कानावर आलं, की बाई ती फाइल एका संग्रहालयाला देणार आहेत. तिथे माझी लबाडी उघडी पडली असती, तर त्यांच्या प्रत्येक पत्रावर संशय आला असता. मी ठाकूरद्वारला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "मेल्या, तुझ्या आजोबांसाठी मी किती वर्षं रडले!"

"चुकलं, बाई."

"पण मी फसले कशी?" मग त्याच म्हणाल्या, "सगळे गायीगुरांचं लिहायचे रे. एकाने तरी मनातलं लिहिलंय, असं वाटलं."

त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं. पण त्यांनी चहाचा कप आणि कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. कोणी लिहिलं, का लिहिलं. आणि हा चहा पिण्यासाठी आहे हं."

मी लिहिलं, 'घरात शिपाई नव्हता, याची मला लाज वाटली.' बाईंनी तो कागद जुन्या पत्राला टाचला आणि फाइल तशीच संग्रहालयात गेली.

या पावसाळ्यात बाई गेल्या. परवा संग्रहालयात त्यांच्या अक्षरातली यादी पाहिली. परबाच्या पत्राखालीच नोंद आहे: 'बनावट पत्र. इयत्ता आठवी. अक्षर तेव्हाही वाईट. लेखक हयात, विचारता येईल.'