जिन्याखालचा फळा

बेहेरे सरांनी पहिल्याच तासाला एका मुलाला उभं केलं आणि त्याच्या फोनवरचा त्या दिवशीचा स्टेटस मोठ्यानं वाचायला लावला. कुणाला तरी टोमणा होता : 'वेळ सगळ्यांची येते, तुझीपण येईल.' वर्ग हसला. सरांनी शांतपणे विचारलं, "हे तू तुझ्या बिल्डिंगच्या जिन्याखालच्या फळ्यावर लिहिशील का? खाली नाव आणि फ्लॅट नंबर घालून?"

"नाही सर. खाली सगळे काका लोक वाचतात ना."

"मग काका लोकांकडे फोन नसतात असं वाटतं तुला?"

जिन्याखालचा फळा म्हणजे टाकी साफ करणार, पाणी भरून ठेवा, वगैरे लिहितात तो. डोंबिवलीत वाढलेल्या पोरांना तो समजावून सांगावा लागत नाही. वर्षभर सरांनी तो आमच्या मानगुटीवर बसवला. सर जाऊन आता वर्ष होईल, पण फोनवर काही लिहिताना अजूनही माझा हात आधी त्या फळ्यापाशी अडतो.

आमच्या कॉलेजात ते वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला व्यवसाय संवाद शिकवायचे. अर्ज, इतिवृत्तं, खरमरीत पत्रं हा सगळा पोर्शन दिवाळीपर्यंत उरकायचा आणि मग पुस्तकात नसलेलं सुरू व्हायचं. फोनवरून माणसं जोडायची कशी, आणि जोडलेली तोडायची नाहीत कशी. स्वतः मात्र फोन हातभर लांब धरून, एका बोटानं टाइप करायचे. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो, आणि ती त्यांना ठाऊक होती.

कुणाला नोकरी लागली आणि आम्ही नुसता अंगठा पाठवला की सर चिडायचे. "अंगठा उठवणारे लोक आमच्या आजोबांच्या काळात होते. तुम्ही शिकलात ना? मग चार शब्द लिहा." दर आठवड्याला एक गृहपाठ असायचा : ओळखीच्या एका माणसाला चार ओळी लिहायच्या, आणि त्यात काही म्हणजे काही मागायचं नाही. "काम निघाल्यावर आठवण काढलीत की समोरच्याला कळतं बरं का. त्याच्या आधी कधीतरी नुसतं विचारलेलं असावं." मी खोपटच्या मामाला लिहिलं. त्यानं घाबरून आईला फोन केला, "पोरगी एवढं गोड का बोलतेय? परस्पर लग्नबिग्न ठरवलंन की काय?"

हे सगळं शिकून मी काय केलं, ते आता सांगते. सांगायची लाज वाटते.

आम्ही कोपरला राहायचो, बाबा एसटीत ड्रायव्हर. शेवटच्या वर्षी मला ठाण्यात माजिवड्याला लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत दोन महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं. निकाल लागला की इथेच ये, असं साहेबांनी तोंडी सांगितलेलं. घरात पहिली ऑफिसची नोकरी लागणार म्हणून आईनं मला दोन ड्रेसही शिवून ठेवले होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर म्हात्रेताई बसायच्या. त्या तिथल्याच जुन्या गावातल्या. त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे होते आणि त्याच टॉवरांतून लिफ्ट अडकल्याचे फोन त्या घ्यायच्या. समोरचा इंग्रजीत बोलला की त्याही बोलायच्या, "लिफ्ट स्टक? मॅडम, डोन्ट टेन्शन, आमचा मानूस कमिंग!" एका दुपारी मी हे गुपचूप रेकॉर्ड केलं, हसरे चेहरे लावले आणि स्टेटसला, वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत ते वर्गाबाहेर, मग ठाण्यात, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलं. साहेबांचा फोन आला, उद्यापासून येऊ नकोस.

मी धावत सरांकडे गेले. "सर, मस्तीत केलेलं हो. साहेबांचा फोन आल्यावर लगेच डिलीट पण केलं."

"पुसलंस? घाई केलीस," सर म्हणाले. "पुसायच्या आधी त्याच्याखाली काहीतरी लिहायचं होतंस."

"तुम्ही साहेबांशी बोला ना. माझी नोकरी जाईल, सर."

त्यांनी चष्मा काढला. "नोकरीसाठी जाणार असशील तर मी येत नाही. त्या बाईंसाठी जाणार असशील तर उद्या सकाळी निघू."

मला रागच आला होता, खरं सांगते. पण गेले. त्याआधी सरांनी माझ्याकडून माफीचा मजकूर तीनदा लिहून घेतला. पहिल्यात मी लिहिलं होतं, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर'. सरांनी त्यावर काट मारली. "असतील तर? कुणाच्या दुखावल्या ते तुला माहीत नाही का? नाव लिही." आणि जिथे व्हिडिओ टाकला होता तिथेच, त्याच लोकांसमोर, पूर्ण नावानं टाकायचं, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो, तर म्हात्रेताईंनी हातातला फोन संपेपर्यंत वर पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "पोरी, मना इंग्रजी येत नाय, त मी कवा बोलले का येते? पन ती बाय लिफ्टमंदी अडकून रडत व्हती. तिला धीर द्यायचा का ग्रामर बघायचा?" मी मान खाली घातली. त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या नातवानं दाखवला गो मना. त्याला वाटला, आजी फेमस झाली."

त्या नातवाचं ऐकल्यावर मला रडू आवरेना. त्यांच्यासमोर बसूनच मी ती माफी टाकली. साहेबांनी सरांना चहा दिला, मला नोकरी दिली नाही.

परतीच्या बसमध्ये मी घुश्शात होते. "काय उपयोग झाला, सर?"

 सर म्हणाले, "मी तरुणपणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पाण्याची बोंब होती. एकदा समोरच्या नाईकांचा नळ दिवसभर वाहत राहिला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'श्री. नाईक यांनी पाणी वाया घालवले आहे.' संध्याकाळी कळलं, बायकोला अचानक दवाखान्यात हलवलं होतं त्यांनी. ते निघाले तेव्हा नळाला पाणीच नव्हतं, तो उघडा राहिला असेल. मी धावत जाऊन फळा पुसला. पण त्यांनी येताना वाचला होता. पुढे ते बदलापूरला राहायला गेले. मी फळा पुसला ना, मग माफी कशाची मागायची, असं वाटलं मला."

 सरांनी पुढे उपदेश केला नाही.

आठ महिने मी अर्ज करत फिरले. मग एके दिवशी म्हात्रेताईंचाच फोन. त्यांच्या ओळखीत एका ऑफिसला तक्रारी घेणारी मुलगी हवी होती. "मी तुझा नाव दिलाय. विडिओचा पन सांगलाय न तू माफी मांगलीस ता पन सांगलाय. उद्या जा." त्या ऑफिसात मी आजही आहे. सरांना कळवलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "ताईंना चार ओळी लिहिल्यास?"

निवृत्त झाल्यावर सर थकले. मी अधूनमधून जायचे. त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली तो फळा अजून होता. गेल्या वर्षीच्या एका रविवारी त्यांनी अवघडून विचारलं, "अगं, एखाद्या माणसाला शोधायचं असेल तर फोनवर कसं शोधतात?"

आम्हाला वर्षानुवर्षं माणसं जोडायला शिकवणाऱ्या या माणसानं नाईकांना कधी शोधलंच नव्हतं. शोधायला अर्धा तास लागला. नाईकांचा मुलगा सापडला. सरांनी एका बोटानं चार ओळी लिहिल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. "कुठे 'असेल तर' राहिलंय का बघ."

तीन दिवस उत्तर नाही. सरांनी रोज मला विचारलं, पाठवलेलं पोचतं ना नक्की? चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते तेव्हा उत्तर आलं. सरांनी फोन माझ्या हातात दिला, मीच वाचलं. 'बाबांना वाचून दाखवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाचलं. आई त्या दवाखान्यातून घरी आली, पुढे खूप वर्षं होती. बाबा म्हणाले, बेहेऱ्यांना सांग, नळ खरंच उघडा राहिला होता.'

सर हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझं बोट सवयीनं अंगठ्याकडे गेलं. सरांनी फोन काढून घेतला, "थांब, लिहितो."

कितीतरी वेळ ते फोन लांब धरून लिहीत होते. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण शेवटची ओळ दिसली. फोनवर कुणी लिहीत नाही, तसं त्यांनी खाली पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर घातला होता.