कच्च्या झिलईची बरणी

ओल्या लाकडांवर भट्टी लावू नये, हे आमच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी शंभरदा सांगितलं होतं. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मद्रासबाहेर, आवडी गावाच्या पुढं, एका मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात मी झिलईच्या कामावर होतो. तांबडी भांडी शिशाच्या झिलईत बुडवायची आणि भट्टीत लावायची. आच पुरेशी लागली तर झिलई पक्की होते. कमी पडली तर दिसायला तीच, पण आंबट लागलं की विषारी शिसं सोडते. मेस्त्री दर भट्टीतून उतरलेल्या एका भांड्यात कापलेलं लिंबू रात्रभर ठेवायचे. सकाळी पांढरा डाग दिसला, की सगळी भट्टी बाद. ती भांडी फुलझाडांना.

त्या खेपेला सुरूची लाकडं ओली होती. डाग पडला. पण त्यातली एक बरणी अशी हिरवीगार उतरली होती, काय सांगू! म्हाताऱ्याला मेली नसती शंका, असं म्हणत मी ती पिशवीत घातली आणि मैलापुरात अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे नेली. तिला दिवस गेले होते, आंबटाचे डोहाळे लागले होते. तिनं बरणीत वडुमांगा घातला, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या बाळकैऱ्या. "माझ्या भावानं केलीय हो!" शेजारणींना दाखवत सुटली. येता-जाता त्यातलं पाणीसुद्धा प्यायची.

तिच्या पोटात कळा यायच्या, तोंडावरची रया गेली. सगळे म्हणाले, डोहाळे कडक आहेत. मीही म्हणालो. सातव्या महिन्यात मूल मेलेलंच जन्मलं.

ती इस्पितळात असताना मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बरणी रिकामी केली. आतली झिलई पांढरी पडली होती. जळो माझी अक्कल! त्यानंच झालं का, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. भ्यालो. अक्काला म्हणालो, "हिला चीर गेलीय, फेकून देतो." तिनं दिली नाही. "राहू दे रे, तुझ्या हातची आहे." निदान वापरू नकोस, एवढं कबूल करून घेतलं. तो पांढरेपणा मला अजून दिसतो. जेवताना दिसतो. लोणचं मी तेव्हापासून तोंडात घातलेलं नाही.

चार वर्षांनी माझ्या बायकोला दिवस गेले. एका सकाळी अक्का तीच बरणी वडुमांग्यानं काठोकाठ भरून दारात उभी. "चीर कुठंय रे, लबाडा? पाणी भरून पाहिलं मी, थेंब गळत नाही." बायकोनं हात पुढं केले, आणि मी बरणी हिसकून कपडे धुवायच्या दगडावर आपटली.

अक्का म्हणाली, "माझं मेलं, म्हणून माझ्या हातचं नको. होय ना?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण सांगायचं काय, की तुझं बाळ माझ्या बरणीनं गेलं? मी वाकून खापऱ्या गोळा करू लागलो.

मुलगी झाली. अक्का बारशाला आली आणि पाळण्यापासून लांबच उभी राहिली. बायकोनं मुलगी तिच्यापुढं धरली, तेव्हा हात पदराखाली घेऊन म्हणाली, "नको गं. माझा हात नको लागायला."