मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या ऐकण्यातला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकी माणूस अगदी शांत. कुणावर आवाज चढवणं नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण तो पाय! त्या पायानं घरात जे रामायण घडवलं, त्याची ही गोष्ट.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. गाडी चालवायला शिकवणारे. अख्खी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे मास्तर" असंच म्हणायची. जुनी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि मास्तर ज्या बाजूला बसत तिथं, त्यांच्या पायाखाली, एक जास्तीचा ब्रेक. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबत. वर म्हणत, "काही होत नाही, मी आहे." इतकी वर्षं हेच केल्यावर पायाला सवय लागली, आणि लागली ती लागलीच. बसमध्ये बसले आणि ड्रायव्हरनं वळण जोरात घेतलं, की दाबला पाय. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा कानाशी आला, की दाबला पाय. टीव्हीवर चेंडूमागे धावणारा खेळाडू कुंपणावर आदळणार असं दिसलं, तरी तेच.

"अहो, तो तिकडे पडतोय, तुम्ही इथं गालिचा का फाडताय?" बायको म्हणायची.

बायको हॉस्पिटलात नर्स, लहान मुलांच्या वॉर्डात. तिची ड्यूटी बहुतेक दुपारी सुरू व्हायची, त्यामुळे संध्याकाळचं घर मास्तरांकडे. आणि त्या वर्षी घर म्हणजे मुलीचा अभ्यास. एकुलती एक लेक, शाळेचं शेवटचं वर्ष. लहानपणापासून तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ. अभ्याससुद्धा चालत चालत करायची. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. रस्त्यावरची लंगडी मांजरं, पंख मोडलेली कबुतरं, सगळ्यांचा दवाखाना हिच्या बाल्कनीत. त्या कॉलेजात प्रवेश मिळायचा तर जीवशास्त्रात चांगले मार्क हवेत, नुसतं पास होऊन भागणार नव्हतं.

तर संध्याकाळी व्हायचं असं. मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे, पुस्तक उघडून. भिंगरी टेबलाभोवती फेऱ्या मारत धडा म्हणून दाखवायची. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण ते ओळीवर बोट ठेवून तिच्याबरोबर सरकत जायचे. ती चुकली तर सांगायचं, एवढंच काम. पण सांगायची वेळच येत नसे! पोरगी अडखळली तर लगेच स्वतःच सुधारून घ्यायची.

"अशुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या… उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जातं."

"शाब्बास!" मास्तरांची छाती फुगायची. गाडीत शिकणाऱ्यांना सांगायचे, "आमची लेक म्हणजे काय सांगू! चुकता चुकता स्वतःच सावरते. तुम्हीही असं शिका की हो."

आणि मग सराव परीक्षेचा निकाल लागला. जीवशास्त्रात पोरगी जेमतेम काठावर.

घरात सुतक आल्यासारखं झालं. बायकोनं पेपर हातात घेतला, चष्मा लावला, आणि हृदयाच्या प्रश्नाशी थांबली. "अगं, अशुद्ध रक्त डावीकडून फुफ्फुसात? असं हृदय घेऊन पेशंट माझ्या वॉर्डात आला तर मी पळूनच जाईन." एरवी भिंगरी हसली असती. त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

"घरी मला सगळं येतं, बाबा! घरी एकदाही चुकत नाही मी. तिथं गेलं की काय होतं, कळत नाही."

"परीक्षेच्या हॉलमध्ये भीती वाटते का गं?" मास्तरांनी विचारलं.

"भीती नाही वाटत. पण… कुठं चुकतंय ते कळतच नाही."

मास्तर शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "मेहनत घेते हो ती, तिच्या मेहनतीला नाव ठेवणार नाही मी. पण वर्गात तोंडी काही विचारलं ना, की उत्तर देताना मधेच थांबते आणि माझ्याकडे बघत बसते. कधी कधी तर माझ्या पायांकडे बघते! मला आपलं वाटलं, चप्पल उलटी घातली की काय." मास्तर कसनुसं हसले आणि घरी आले. त्यांच्या टाळक्यात काही प्रकाश पडला नाही. इतका हुशार माणूस, पण स्वतःच्या घरातलं म्हटलं की असंच होतं.

प्रकाश पडला तो बेकरीवाल्या काकूंमुळे. काकूंना पाव पोचवायला स्वतः व्हॅन चालवायची होती, म्हणून त्या मास्तरांकडे शिकत होत्या. बरेच दिवस शिकत होत्या. त्याच आठवड्यात त्यांची लायसन्सची परीक्षा झाली, आणि काकू नापास होऊन तणतणत परत आल्या.

"सिग्नल लाल, मी तशीच पुढं! तो साहेब शेजारी नुसता बसला होता, पाय मागे ओढून. काही करेचना मेला!"

"काकू, ब्रेक तुम्ही मारायचा होता."

"एरवी लागतोच की आपोआप! मास्तर, तुम्ही शेजारी असलात ना, की मला सगळं येतं."

गेले कित्येक महिने काकूंचा ब्रेक आपणच मारत आलोय, त्या बिचारीचा पाय तिथवर कधी पोचलाच नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. धंद्यातली इतकी साधी गोष्ट! आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट ध्यानात आली. "मला सगळं येतं" हे वाक्य त्यांनी नुकतंच कुठं ऐकलं होतं? घरी. टेबलाशी.

त्या संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसले, पण बोट ओळीवर असलं तरी लक्ष सगळं पायाकडे. पायात घरातल्या रबरी सपाता. भिंगरी फेऱ्या मारत होती. "अशुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या…"

चुईं.

सपात फरशीवर दाबली गेली होती. मास्तरांनी दाबली नव्हती हो, पायानंच दाबली. आणि पोरगी एक पाऊलही न थांबता म्हणाली, "…उजव्या कप्प्यातून." तिचे डोळे टेबलाखाली होते.

तरी मास्तरांचा जीव मानेना. त्यांनी खात्री करून घ्यायची ठरवली. पुढच्या ओळीला भिंगरी म्हणाली, "फुफ्फुसातून शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या…" बरोबर होतं, अगदी पुस्तकाबरहुकूम. मास्तरांनी मन घट्ट केलं आणि मुद्दाम सपात दाबली.

चुईं.

"…उजव्या कप्प्यात येतं," भिंगरी म्हणाली. ठामपणे! आणि पुढं निघाली.

"थांब," मास्तर म्हणाले. "डावं बरोबर होतं."

"मग मी उजवं का म्हटलं?"

मास्तरांनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला. चुईं. भिंगरीनं त्या सपातेकडे बघितलं, मग बापाकडे, मग परत सपातेकडे. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. वर्षभर आपण पाठांतर करत नव्हतो, सपात ऐकत होतो, हे तिलाही तेव्हाच कळलं बिचारीला. खुर्ची ओढून ती मटकन बसली. फिरायची थांबली म्हणजे बघा.

"म्हणजे मला काहीच येत नाही," ती म्हणाली.

"असं कसं? गाडी तूच चालवत होतीस. मी फक्त ब्रेक मारत होतो."

"ब्रेकच तर यायला हवा ना, बाबा!"

खरी परीक्षा तोंडावर आली होती. नशीब एवढंच, की पोरगी हातपाय गाळून बसणाऱ्यातली नव्हती. तोंड धुऊन आली, आणि म्हणाली, "सपाता काढा. पहिल्यापासून सुरू करू."

सपाता काढल्या. पण पाय तो पाय. अनवाणी असला तरी टाच आपटायची. मग मास्तर खुर्चीवर मांडी घालून बसले. पाय दबला, तर भुवया उडायला लागल्या. भिंगरीनं लगेच त्या ओळखायला सुरुवात केली. शेवटी मास्तर उठले, खुर्ची उचलली, आणि टेबलाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसले. हातात पुस्तक, समोर कॅलेंडर. तेवढ्यात बायको ड्यूटीवरून आली आणि दारातच थबकली.

"काय केलंत? कोपऱ्यात का बसवलंय हिनं तुम्हाला?"

"शिक्षा भोगतोय," मास्तर म्हणाले.

शिक्षाच होती ती. पहिले काही दिवस तर विचारू नका! पोरगी चुकायची आणि चुकीवर चूक रचत पान संपवायची. मास्तरांना ओळीवर बोट ठेवून, दात आवळून, शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं. पान संपलं की मगच सांगायचं, असं ठरलं होतं. मांडीखाली पाय तळमळायचा. गुडघे बोंबलायचे. एकदा तर रक्त पोटातून थेट मेंदूत चढवलंन पोरीनं, तरी मास्तर भिंतीकडे बघत गप्प! इतका धीर त्यांनी कुठल्या चौकातही दाखवला नव्हता. बायको घरी आली की हळूच चहाचा कप त्यांच्या हातात द्यायची आणि केसांतून हात फिरवून जायची, वॉर्डातल्या पोरांना गोंजारावं तसा.

दिवसा गाडीतही तेच व्रत. बेकरीवाल्या काकूंच्या शेजारी मास्तर मोकळ्या मैदानाच्या रस्त्यावर पाय मागे ओढून बसायला लागले. काकू किंचाळायच्या, "मास्तर, दाबा!" मास्तर म्हणायचे, "तुम्ही दाबा." एकदा गाडीनं कचऱ्याच्या पिंपाला नमस्कार केला. पिंप आडवं झालं. पण त्यानंतर काकूंचा पाय आपला आपण ब्रेकवर जायला लागला.

आणि एका संध्याकाळी ते झालं. पाठीमागं फेऱ्यांचा आवाज चालू होता. "अशुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या…" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. फेऱ्या थांबल्या. घर शांत. नळाचं पाणी तेवढं टपटपत होतं.

"थांबा हं," भिंगरी म्हणाली. "चुकलं. फुफ्फुसात जायचंय ना? मग उजव्या."

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते म्हणून बरं. डोळे भरून आले होते त्यांचे. "बरोबर," एवढंच म्हणाले, आणि खोकल्याचं सोंग केलं.

जीवशास्त्राच्या पेपरला त्यांनीच तिला पांढऱ्या गाडीतून शाळेत सोडलं. फाटकाशी आईबापांची ही गर्दी. कुणी पोरांच्या खिशात पेनं कोंबतंय, कुणी शेवटच्या क्षणी प्रश्न विचारून पोरांचा जीव घेतंय. भिंगरी उतरली, वळून उभी राहिली. नेहमीचं वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं, काही होत नाही, मी आहे. त्यांनी ते गिळलं.

"जा," म्हणाले. "सावकाश लिही."

दुपारी शाळा सुटली ती कायमचीच. तो शेवटचा पेपर होता. पोरं एकमेकांच्या शर्टावर सह्या करत होती, रडत होती, हसत होती. भिंगरीच्या पाठीवर तर जागाच उरली नव्हती. ती गाडीत बसली, दार ओढलं, आणि शाळेकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, हृदय आलं होतं."

"मग?"

"आधी डावं लिहिलं."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती.

"मग थांबले. वाचलं. खोडलं. उजवं लिहिलं." ती बापाच्या पायाकडे बघून खुदकन हसली. "आता सोडा की. निघू या."

निकाल लागला. मार्क काही आकाशाला भिडले नाहीत, पण त्या कॉलेजला पुरतील इतके पडले, आणि थोडे वर. बेकरीवाल्या काकू केक घेऊन आल्या, तोही स्वतः व्हॅन चालवत. कॉलेज लांबच्या शहरात होतं. बाल्कनीतल्या शेवटच्या मांजराची जबाबदारी आईवर टाकून भिंगरी सामान बांधायला लागली.

निघायच्या सकाळी आईबाप दोघंही तिला सोडायला बस स्टँडवर गेली. आईनं औषधांची पिशवी दिली, डोकं दुखलं तर हे, पोट बिघडलं तर ते. मास्तरांनी बॅग चढवून दिली आणि बसच्या टायरांवरून उगीच एक नजर टाकली. ड्रायव्हर तरणाबांड होता, ते त्यांना फारसं आवडलं नाही. भिंगरी खिडकीशी बसली. भोंगा देऊन बस हलली.

मास्तरांचा उजवा पाय करकचून फलाटावर दाबला गेला.

बस थांबली नाही. तिनं वेग घेतला. भिंगरी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती, आणि बघत होती ती बापाच्या तोंडाकडे नाही, सरळ त्याच्या पायाकडे. हात लांब करून तिकडे बोट दाखवत ती इतकी हसत होती, की हसता हसता डोळे पुसायला लागली. मग बस वळली.

"अहो," बायको मास्तरांचा दंड धरून म्हणाली, "उचला आता. गेली ती."

मास्तरांनी पाय उचलला. मग दोघं घरी जायला निघाली. गाडी बायकोनं चालवली.